बदलापूरची वाळू, बाडमेरची वाळू

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी तोंडाला दाढीचा साबण फासून मी बदलापूरच्या घराच्या ओट्यावर बसलो होतो आणि फाटकाशी लछूमलशेट येऊन उभे राहिले. लछूमलशेट हे उल्हासनगरचे, जुन्या लष्करी सामानाचे व्यापारी आणि आमच्या भावोजींचे भागीदार. हा माणूस येतो तेव्हा आधी त्याचा आवाज येतो, मग पोट येतं आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः पोचतो. त्या दिवशी आवाज आलाच नाही. फाटकाची कडी धरून ते नुसते उभे. मी आपला नेहमीच्या वळणावर, "काय शेट, आज मौनव्रत?" तर ते खाली बघत म्हणाले, "सालेसाहब, पहले मुँह धो लो." ... मग मला कळलं. साबण गालावर तसाच वाळत होता आणि मी उगाच दाढीचा ब्रश पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवत होतो. इतका मी त्याआधी आयुष्यात एकदाच घाबरलो होतो, आणि तेव्हाही समोर लछूमलशेटच होते. फक्त तेव्हा आमच्या दोघांच्या मधे भावोजी उभे होते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गोविंदराव. अंबरनाथच्या राहत्या घरी, आरामखुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. सकाळचा चहा घेतला, कपबशी खुर्चीच्या पायापासून लांब, कोणाचा धक्का लागणार नाही अशी भिंतीकडे सरकवून ठेवली आणि मान टेकली. कपबशी सरकवून ठेवली होती हे ताईने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. जणू त्यावरून काहीतरी सिद्ध होत होतं. तसं पाहिलं तर होतही होतं. भावोजी आयुष्यभर विजेला भ्याले, विंचवाला भ्याले, पेटत्या स्टोव्हला, आगगाडीच्या फाटकाला, शिडीवर चढलेल्या माणसाला आणि झाडाखाली बांधलेल्या पाळण्याला भ्याले. ज्यांना ज्यांना भ्याले त्यांच्यापैकी एकानेही त्यांना शेवटी बोट लावलं नाही. आमच्या घरी त्यांचं नाव भित्री भागूबाई. लग्नकार्यात पंगत उठली की "अनंता, भावोजींची नक्कल कर" असा आग्रह व्हायचा आणि मी, अनंता, कारखान्याच्या टाइम ऑफिसातला कारकून, स्वतः पालीला घाबरून खुर्चीवर चढणारा, छाती काढून त्यांची नक्कल करायचो. ते कोपऱ्यात बसून हसायचे. हसता हसता माझ्या मागच्या समईकडे बघायचे, धोतराचा सोगा लागेल म्हणून.

असा माणूस धंदा कोणता करत होता, तर रुतलेल्या गाड्या बाहेर काढण्याचा. लढाईच्या दिवसांत ते कल्याण कॅम्पातल्या मोटारींच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आफ्रिकेच्या वाळवंटातून आलेले ट्रक तिथे दुरुस्तीला यायचे. "आफ्रिकेची वाळू मी या चिमटीत धरलेली आहे," असं ते कधीमधी म्हणायचे आणि ते खरंच होतं. ती कार्ब्युरेटरमधून निघायची. लढाई संपली, कॅम्प ओस पडला, मग फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधली माणसं आली आणि बघता बघता कॅम्पाचं उल्हासनगर झालं. लष्कराने मागे टाकलेलं सामान लिलावात निघालं, ते लछूमलशेटनी उचललं. त्यात काय नव्हतं! दोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या विंचा होत्या, तारेचे दोर होते, कच्च्या जमिनीवर विमानं उतरवायला अंथरतात त्या भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या होत्या. माल शेटचा आणि हात भावोजींचे, अशी अंबरनाथला पत्र्याच्या शेडमध्ये भागीदारी सुरू झाली. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून घसरलेला ट्रक असो की उल्हास नदीच्या पात्रात वाळू भरताना बसलेला असो, बोलावणं शेडवर यायचं.

त्यांचं काम बघायला गंमत यायची आणि कंटाळाही यायचा, कारण दोर ताणायच्या आधीच त्यांचा अर्धा दिवस जायचा. तारेचा दोर ताणाखाली तुटला की चाबकासारखा उलटा येतो आणि वाटेतल्या माणसाला कापून जातो, हे त्यांनी वर्कशॉपमध्ये एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. काय पाहिलं ते त्यांनी ताईलासुद्धा सांगितलं नाही. पण तेव्हापासून दोर ज्या रेषेत ताणला जायचा त्या रेषेत ते चिटपाखरू उभं राहू देत नसत. "रेषेतून बाजूला! बाजूला व्हा म्हणतो ना!" आणि ताणलेल्या दोरावर मधोमध ते ताईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी ओली करून टाकायचे. दोर तुटलाच तर गोधडीच्या वजनाने तो खाली बसावा म्हणून. जांभळ्या, हिरव्या ठिगळांची ती गोधडी लोखंडी दोरावर वाळत घातल्यासारखी लोंबायची आणि बघे म्हणायचे, "मिस्त्री, बाळंतीण कुठाय?"

मग एक दिवस कोणी सडकेचा ठेकेदार उल्हासनगरला आला. बाडमेरच्या पुढे वाळवंटात त्याचं काम चाललं होतं आणि ट्रक रोज वाळूत बसत होते. शेटच्या पट्ट्या आणि विंच त्याला पसंत पडल्या, पण त्याची अडचण वेगळी होती. दोर बांधणार कशाला? तिथे ना झाड ना खडक. भावोजींनी त्यासाठी जहाजाला असतो तसा, दोन फाळांचा लोखंडी नांगर घडवला. वाळूत रोवायचा, दोर त्याला अडकवायचा आणि विंच फिरवली की गाडीने स्वतःच स्वतःला ओढून बाहेर यायचं. ठेकेदार म्हणाला, जागेवर येऊन करून दाखवा, मग सगळा माल घेतो. करून दाखवण्याआधी आपण करून बघायचं हा भावोजींचा शिरस्ता. थंडी सरता सरता नदी आटली तेव्हा मांजर्लीच्या बाजूला पात्रात ट्रक मुद्दाम रुतवला, नांगर टाकला, गोधडी घातली, आम्हा सगळ्यांना लांब हाकललं आणि विंच चालू केली. नांगर असा रुतून बसला की ट्रक अलगद बाहेर आला, पण नांगर काही निघेना. तो उकरून काढायला संध्याकाळ झाली. काठावरचे गावकरी ओरडत होते, "काय मिस्त्री, सोना गावला का काय र?" लछूमलशेटनी पेढे वाटले. भावोजी तेवढे पाण्याने भरलेल्या त्या खड्ड्याकडे बघत उभे होते. "फारच सोपं झालं," म्हणाले. मी म्हटलं, "सोप्याचीसुद्धा भीती?" सगळे हसले. मी तर फारच हसलो.

होळी नुकतीच झाली होती. सामान रेल्वेने पुढे गेलं आणि मागून भावोजी, शेट आणि मी निघालो. मला का नेलं, तर ताईने सांगितलं म्हणून. "अनंता, तुला रजा आहे. जा बरोबर. एकटे घाबरतील ते." मी जणू मोठा दिलासा. बाडमेरपासून ठेकेदाराच्या मुक्कामापर्यंत ट्रकने नेलं. तंबू, मजुरांच्या झोपड्या आणि चारी बाजूंनी पिवळं, हलणारं काहीतरी. मी कोकणच्या पावसात वाढलेला माणूस. जमीन इतकी गप्प असते हे मला माहीत नव्हतं. ठेकेदार दुसऱ्या दिवशी येणार होता. भावोजींनी आपला शिरस्ता काढला, म्हणाले, आज आपणच लांब जाऊन एकदा करून बघू, उद्या चारचौघांत फजिती नको. मुक्कामावरचे बहुतेक लोक दुसऱ्या गाड्या घेऊन स्टेशनावर माल आणायला गेले होते. तंबूत राहिलेल्या आचाऱ्याला शेटनी सांगितलं, "जरा घूमके आते हैं." कुठे ते कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. चाचणीच्या आधीची चाचणी, सावधगिरीची सावधगिरी. त्या सावधगिरीपायीच आम्ही टेकाडांमागून टेकाडं ओलांडून सात-आठ मैल आत गेलो, जिथे आमची फजिती बघायला कावळासुद्धा नव्हता.

पट्ट्यांनी आधी छान काम केलं. चाकांखाली सरकवल्या आणि ट्रक खडखडत वर आला. शेटनी टाळ्या वाजवल्या. मग नांगराची पाळी. दोन टेकाडांमधल्या खोलगटात भावोजींनी चाकं फिरवून फिरवून ट्रक पार चाकांच्या दांड्यापर्यंत रुतवला. स्वतःच्या हाताने. नांगर टाकला, गोधडी घातली, आम्हाला हाकललं, विंच चालू केली. दोर ताणला गेला आणि नांगर... नांगर चालायला लागला. वाळू चिरत, मागे स्वच्छ रेघ सोडत, तो शांतपणे ट्रकच्या दिशेने येत राहिला आणि बंपरला टेकून थांबला. एखादं पाळीव जनावर हाक मारल्यावर यावं तसा. मला हसू आलं. भावोजींनी तो पुन्हा लांब नेऊन रोवला. पुन्हा आला. अजून खोल रोवला. पुन्हा आला. प्रत्येक खेपेला ट्रक थोडा थोडा खाली बसत होता. तेवढ्यात इंजिन तापून रेडिएटरमधून वाफ उसळली आणि पाण्याचा एक डबा त्यात गेला. बरोबर आणलेल्या दोन डब्यांतला दुसरा डबा तेवढा उरला. हसू कधी थांबलं ते मला आठवत नाही.

भावोजी शेटकडे वळले. "शेट, आता तुम्ही सांगा. तुमच्याकडे काय करतात अशा वेळी?"

"हमारे यहाँ?" शेट म्हणाले. "हमारे यहाँ मतलब?"

"वाळवंटात. तुम्ही तिकडचे ना."

लछूमलशेटचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "साईं, मेरी तो हैदराबाद में कपड़े की दुकान थी. सिंध-हैदराबाद! पक्की सडक, बिजली, सब कुछ. रेगिस्तान मैंने रेलगाडी की खिडकी से देखा, वो भी सोते सोते." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मैं तो आपके भरोसे आया, इंजिनेरसाहब. आप आफ्रिका में थे ना?"

"मी?" भावोजी म्हणाले. "मी कल्याणला होतो. लढाईभर."

म्हणजे शेट भावोजींच्या भरवशावर, भावोजी शेटच्या भरवशावर आणि मी दोघांच्या. एवढी वर्षं रोज बरोबर चहा पिणारी माणसं. एकमेकांच्या अनुभवाबद्दल विचारणं बरं दिसत नाही म्हणून कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. वारा सुटला होता. मी मागे वळून बघितलं तर आमच्या चाकांचे माग पुसत चालले होते. जवळचे अजून दिसत होते, पण टेकाडावरचे गेले होते. तेव्हा मी घाबरलो. मी म्हणालो, "आपण चालत जाऊ." माझा आवाज मलाच कोणा लहान मुलाचा वाटला. "कुठल्या दिशेने?" भावोजींनी विचारलं. मी हात केला. शेटनीही हात केला, दुसरीकडे.

भावोजी ट्रकच्या सावलीत खाली बसले.  म्हणाले, "मला फार भीती वाटत्ये. अनंता, शेट, तुम्हालाही वाटत असेल तर आत्ताच बोलून घ्या. नंतर वेळ मिळायचा नाही." इतक्या साध्या आवाजात, बाजारात भाजी महाग झाली म्हणावं तसं. आम्ही बोललो. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, वाचकांपैकी काही जण माझ्या ऑफिसात आहेत. बोलून झाल्यावर भावोजींनी मूठभर वाळू उचलली आणि बोटांमधून सोडली. ती पिठासारखी सांडून गेली. "बदलापूरची वाळू अशी नव्हती," ते स्वतःशीच म्हणाले. "तिच्या पोटात पाणी होतं. वरून वाळलेली दिसायची, हातभर खाली पाणी. मी नदीत चाचणी केली, वाळवंटाची..." आणि मग ते पाण्याच्या डब्याकडे बघायला लागले. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो. ते काय विचार करतायत हे आम्हाला एकदमच कळलं असणार, कारण शेट उठले आणि डब्यावर जाऊन बसले.

भावोजींचं म्हणणं असं होतं, की स्टेपनी खोल पुरायची, तिच्यापुढे पट्ट्या उभ्या करायच्या आणि नांगराऐवजी दोर तिला बांधायचा. पण कोरड्या वाळूत खड्डा टिकत नव्हता. खणू तेवढा भरत होता. वाळू भिजवली तर कडा उभ्या राहतील, स्टेपनी धरून राहील. नाही धरली तर? तर पाणीही गेलं आणि गाडीही. उद्यापर्यंत कोणी शोधायला येण्याची शक्यता नव्हती, आणि आलं तरी कुठे यावं हे कोणाला ठाऊक होतं!

"पानी नहीं गिरेगा," शेट म्हणाले. भावोजींनी समजावलं तर ते ओरडले, "आपको क्या मालूम! मैंने माँगा है पानी!" मग ते सांगायला लागले. कराचीहून बोटीने येताना डेकवर त्यांची आई तापाने फणफणली होती आणि ते पितळी पेला घेऊन अनोळखी माणसांच्या पाया पडत फिरत होते. कोणीतरी घोटभर दिलं. कोणीतरी पेला लाथेने उडवला. आई वाचली, पण त्या दिवसापासून शेटच्या बराकीत कोणी पाणी सांडलं तर ते जेवणावरून उठून जातात, हे मला माहीत होतं. का ते त्या दिवशी कळलं. भावोजी ऐकत राहिले. त्यांनी शेटना एकदाही गप्प केलं नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे. तुमचं पाणी मी मागणार नाही. पण डब्यात माझा एक वाटा आहे की नाही?"

"है."

"तो मला द्या. तो मी ओततो."

शेटनी वर बघितलं. भावोजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ओठांना मात्र पांढरी खपली आली होती. पातेल्यात, फिरकीच्या तांब्यात आणि डब्यात असे पाण्याचे तीन वाटे झाले. माझा तांब्या मी पुढे केला. हे मोठ्या धैर्याने केलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण हात पुढे गेला आणि बोटं सुटेनात अशी अवस्था होती. भावोजींनीच तो माझ्या छातीकडे ढकलला. "तुझा राहू दे. नाहीच जमलं तर तिघांनी त्याच्यावर रात्र काढायची आहे. आणि तुझ्या बहिणीला काय सांगायचं ते तुलाच जास्त चांगलं सांगता येईल." शेट तोंडाने सिंधीत काहीतरी पुटपुटत होते. शिव्या असाव्यात किंवा प्रार्थना. पुटपुटतच त्यांनी आपल्या डब्यातलं निम्मं पाणी भावोजींच्या पातेल्यात ओतलं आणि तोंड फिरवून उभे राहिले.

आम्ही खणलं. फावड्याने, पातेल्याच्या झाकणाने, हातांनी. भावोजी चुळीचुळीने पाणी शिंपडत होते, जिथून वाळू ढासळेल तिथेच तेवढं. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा त्यांनी उरलेल्या पाण्यात गोधडी बुडवली आणि स्टेपनीला गुंडाळली, वाळू तिला धरून बसावी म्हणून. मी ते बघितलं आणि विचारलं, "भावोजी, मग दोरावर काय टाकायचं?" ते म्हणाले, "काही नाही." तेवढंच. ओल्या गोधडीत गुंडाळलेलं चाक त्यांनी खड्ड्यात ठेवलं, पुढे पट्ट्या रोवल्या, वाळू लोटली आणि आम्ही तिघांनी वर नाचल्यासारखं पाय आपटून ती दाबली. तिथून ट्रकपर्यंत उघडा दोर सरळ चमकत होता. त्या रेषेच्या दुसऱ्या टोकाला ड्रायव्हरची सीट होती आणि विंच तिथूनच चालवायची होती.

भावोजींनी बॉनेट उघडून उभं केलं. दोर उसळला तर आधी त्या पत्र्यावर आदळावा म्हणून. पण त्यामुळे त्यांना पुढचं काही दिसणार नव्हतं. त्यांनी शेटना टेकाडामागे पाठवलं आणि मला बाजूला, लांब, दोर दिसेल आणि त्यांना माझा आवाज पोचेल असं उभं केलं. "माझ्याकडे बघू नकोस, दोराकडे बघ. आणि बोलत राहा. जे दिसेल ते बोल. गप्प झालास तर मला काही कळायचं नाही." मग सीटवर चढता चढता थांबले. "जन्मात पहिल्यांदा तुला बडबड करायला सांगतोय. आता जिभेला पेंग येऊ देऊ नकोस."

इंजिन सुरू झालं. मी ओरडायला लागलो. दोर ताणतोय भावोजी... ताणला... वाळू फुगली, स्टेपनीवरची वाळू फुगली... थांबली. पट्टी वाकली. एक पट्टी वाकली, दुसरी उभी आहे... धरलंय! भावोजी, धरलंय! ट्रक हलला, बोटभर... वीतभर... माझा घसा असा कोरडा पडला होता की शब्द खरवडून निघत होते. तांब्या माझ्या पायाशीच होता, पण तो उचलायचं सुचलं नाही. आणि तेवढ्यात टणकन आवाज आला. दोराचा एक पीळ तुटून उलगडला आणि हवेत थरथरत राहिला. माझी वाचा बसली. किती वेळ, देव जाणे. इंजिनाच्या आवाजातून भावोजींची हाक आली, "अनंता! बोल!"

"पीळ तुटला," मी म्हणालो. "एक पीळ तुटला, भावोजी! उतरा!"

"ट्रक किती आलाय?"

"अर्धा... मागची चाकं अजून आहेत. उतरा!"

मला वाटलं ते उतरतील. आगगाडीच्या फाटकापाशी गाडी दिसेनाशी झाल्यावरसुद्धा थांबून राहणारा हा माणूस, तो उतरणारच. इंजिनाचा आवाज क्षणभर खाली आला. बॉनेटच्या पत्र्याआड काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. मग तो आवाज हळूहळू, अगदी हळूहळू चढला. "बोलत राहा," भावोजी ओरडले. आणि मी बोलत राहिलो. दुसरा पीळ सुटायला लागला तो बोललो, वाळू पुन्हा फुगली ते बोललो, मागची चाकं हलली ते बोललो, सुटली ते बोललो. सगळा ट्रक बाहेर येऊन घट्ट जागेवर उभा राहिला तेही बोललो, आणि त्यानंतरही किती वेळ मी ओरडत होतो, शेटनी येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला तेव्हा थांबलो.

भावोजी उतरले नव्हते. आम्ही दार उघडलं तर ते स्टिअरिंग धरून बसले होते आणि त्यांना हात सोडवत नव्हते. बोटं जशी काही तिथे वितळून चिकटली होती. शेटनी एकेक बोट सोडवलं, "छोडो साईं, छोडो, हो गया," असं लहान मुलाला म्हणावं तसं म्हणत. मग माझ्या तांब्यातलं पाणी आम्ही तिघं प्यायलो. आधी भावोजींना दिलं. त्यांच्या दातांवर तांब्याचा काठ कडकड वाजत होता. शेट पाठमोरे होऊन रडले. मी गोधडी उकरून काढायला गेलो तर भावोजी म्हणाले, "राहू दे ती. दिवस कलायच्या आत मुक्काम दिसला पाहिजे." स्टेपनी, गोधडी, वाकलेल्या पट्ट्या, सगळं तिथेच राहिलं, नांगर तेवढा ट्रकमध्ये टाकला. मुक्काम आम्हाला सापडला तो धुरावरून. आचाऱ्याने रात्रीच्या डाळीसाठी चूल पेटवली होती. "घूम आये?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला. भावोजींनी त्याला पट्ट्या दाखवल्या, त्या त्याने घेतल्या. नांगर त्याने स्वतःच हातात घेतला आणि विचारलं, हा? भावोजी म्हणाले, "हा नेऊ नका. हा ओल्या वाळूचा आहे." शेट माझ्या शेजारी उभे होते. त्या नांगरासाठी त्यांनी किती लोखंड घातलं होतं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी पुढे होऊन तो ठेकेदाराच्या हातून काढून घेतला.

घरी आल्यावर ही गोष्ट मी सांगायला लागलो. बारशाला सांगितली, मुंजीला सांगितली, दर वेळी वारा थोडा वाढला, खड्डा थोडा खोल गेला आणि माझा आवाज थोडा खणखणीत झाला. भावोजी ऐकायचे, दुरुस्ती करायचे नाहीत. फक्त शेवटी म्हणायचे, "मी घाबरलो होतो, ते सांगायचं राहिलं तुझं." लोक हसायचे, त्यांना वाटायचं तोही विनोदच. नक्कल मात्र मी पुन्हा केली नाही. कोणी आग्रह केला तर घसा बसलाय म्हणायचो.

परवा रविवारी ताईकडे गेलो होतो. ती मागच्या अंगणात विहिरीपाशी होती. वाडीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची ती विहीर एकच. शेजारच्या खोलीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी पाणी काढत होती. चांगली रहाटासमोर पाय रोवून, थेट दोराच्या रेषेत उभी होती. मी काही बोलणार एवढ्यात ताईच म्हणाली, "अगं, समोर नाही. इकडे ये, बाजूला उभी राहा." मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. विहिरीसमोरची फरशी शेवाळून हिरवी होती आणि उजव्या अंगाची, जिथे उभं राहिलं तर दोर तिरका ओढावा लागतो, ती पायांनी घासून पांढरी झाली होती. वाडीतल्या बायका वर्षानुवर्षं तिथूनच पाणी काढत होत्या.

"इकडून जड जातं काकू," ती मुलगी म्हणाली. "समोरून का नाही ओढायचं?"

ताईने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराने हात पुसले. "इथे असंच ओढतात," ती म्हणाली.

मुलगी सरकली. बादली तिरकी वर आली, काठाला आपटली, थोडं पाणी सांडलं. आम्ही दोघं भाऊबहीण बाजूला उभं राहून ते बघत होतो.